एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली येतच नाहीये, मीटर खराब की अँटेना? (तातडीची मदत हवी)

डेन्व्हरकर
मंडळी, डोकं आउट झालंय. शनिवारी पहाटे युटातल्या मोआबला निघायचंय, पाच गाड्या आहेत, तिकडे मोबाइलला रेंज नसते म्हणून सगळ्यांनी सीबी (गाडीत बसवायचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ) लावायचं ठरलं आणि माझाच अडलाय. रेडिओ नवा, ४ फुटी फायबरग्लास अँटेना नवी, मीटर नवा. चॅनल १ वर ३ च्या वर, ४० वर पण ३ च्या वर. अँटेनाच्या टोकाचा स्क्रू पूर्ण आत घातला, पूर्ण बाहेर काढला, काटा ढिम्म. अचूक रीडिंग घ्यायचं कसं तेवढं सांगा, की मीटरच बदलून आणू?

अवनी७३
गाडी कुठली, अँटेना कुठे लावलीय, मॅग्नेट माउंट की बोल्टचं, मीटर कुठे जोडलाय? यातलं काहीच लिहिलं नाहीये. आणि प्रत्येक चॅनलला आधी स्विच एफडब्ल्यूडीवर (फॉरवर्ड) ठेवून माइक दाबायचा, नॉब फिरवून काटा सेटच्या खुणेवर आणायचा, मग स्विच एसडब्ल्यूआरवर. चॅनल बदलला की परत पहिल्यापासून.

डेन्व्हरकर
ते सगळं करतोय हो, मॅन्युअल वाचलंय. पिकअप आहे. मीटर रेडिओच्या मागेच, रेडिओची छोटी केबल मीटरच्या टीएक्स सॉकेटला आणि अँटेनाची एएनटी सॉकेटला.

ट्रकवाला_दादा
केबल किती फूट आहे? १८ फुटीच लागते. मी ६ वर्षं ट्रक चालवला, १८ फूट केबल आणि छताच्या वर निघणारी अँटेना, १९ नंबरच्या चॅनलवर लांबलांबचे ड्रायव्हर मिळायचे. १२ फुटी असेल तर काढून टाक.

व्हीयू_काका
दादा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे पण हे पसरवू नका. ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर लांबीने बदलत नाही. केबल कमीजास्त केल्यावर रीडिंग बदलत असेल तर केबलच्या शील्डवरून (बाहेरच्या जाळीवरून) करंट वाहतोय, म्हणजे दोष माउंटला आहे, केबलला नाही. लांब केबलमध्ये पॉवर जिरते म्हणून मीटरवर आकडा बरा दिसतो, अँटेना आहे तशीच असते.

ट्रकवाला_दादा
काका, थिअरी वेगळी आणि रस्ता वेगळा. माझं १८ फुटांवर १.२ यायचं.

नॅनोवाला
काट्याचे मीटर सोडा आता, नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घ्या. ओपन, शॉर्ट, लोड कॅलिब्रेशन केलं की अँटेना नक्की कुठल्या मेगाहर्ट्झवर बसलीय ते स्क्रीनवर दिसतं. मी तर रेडिओला हात लावायच्या आधी तेच लावतो. फक्त ते जोडलेलं असताना माइक दाबू नका, जळेल.

अवनी७३
शनिवारपर्यंत येणारे का ते? डेन्व्हरकर, चॅनल १ ला जास्त आणि ४० ला कमी असतं तर अँटेना आखूड, उलटं असतं तर लांब. तुमचं दोन्हीकडे सारखंच वाईट आहे, म्हणजे ट्यूनिंगचा विषयच नाही, अर्थिंग नाही किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. पिकअप स्टीलची की ॲल्युमिनियमची? आणि मापताना गाडी कुठे उभी होती?

डेन्व्हरकर
फोर्ड एफ-१५०, २०१६ ची. मॅग्नेट चिकटलं नाही म्हणून बेडच्या कडेला ब्रॅकेट बसवला, काळा पावडर कोटिंगवाला. गाडी गॅरेजमध्ये, बाहेर बर्फ पडतोय.

व्हीयू_काका
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. २०१५ पासून त्या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, मॅग्नेट चिकटणारच नाही. आणि पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर, त्यातून अर्थ कुठून मिळणार? मल्टिमीटर घ्या. अँटेना आणि रेडिओकडची केबल दोन्ही सोडवा. ब्रॅकेट ते बॅटरी निगेटिव्ह १ ओहमच्या आत पाहिजे. केबलची मधली पिन ते स्टड (अँटेना ज्यावर बसते तो बोल्ट), कंटिन्युइटी पाहिजे. स्टड ते ब्रॅकेट अजिबात नको.

सह्यवेडा
हाच रेडिओ पुण्याला आणला तर इथे चालेल का? आमचा ऑफरोडिंगचा ग्रुप आहे.

अवनी७३
भारतात सीबीचा लायसन्समुक्त पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पॉवर ५ वॅटपर्यंत. अमेरिकन सेट २७.४०५ पर्यंत जातो, म्हणजे चॅनल २८ पासून वरचे सगळे पट्ट्याबाहेर. वेगळा धागा काढा ना, इथे नको.

डेन्व्हरकर
मोजलं. पिन ते स्टड ठीक. ब्रॅकेट ते बॅटरी काहीच नाही, मीटर ओपन दाखवतो!! आणि स्टड ते ब्रॅकेट बीप होतोय. सोडवून बघितलं तर खांद्याचा पांढरा प्लॅस्टिक वॉशर भोकात बसलेलाच नाही, तिरका होऊन कडेला चेपलाय आणि स्टडचे आटे ब्रॅकेटला घासतायत.

व्हीयू_काका
सापडलं. बरं झालं ३ च्या वर फार वेळ माइक दाबला नाहीत, चौथाई पॉवर परत येते, आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. वॉशर नवा घाला, खांदा भोकात उतरला पाहिजे. बोल्टखालचा रंग घासून धातू दिसू द्या, दातेरी वॉशर लावा, आणि ब्रॅकेटपासून खाली स्टीलच्या फ्रेमपर्यंत चपटी विणलेली तांब्याची पट्टी, जितकी आखूड तितकी चांगली. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट लावू नका, गंजतं. मग गाडी मोकळ्यावर काढा, दारं बंद, जवळ कोणी उभं नको.

नॅनोवाला
आणि मीटरवर शंका असेल तर अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (रेझिस्टर) लावून बघा, १ च्या आसपास आलं तर मीटर ठीक.

डेन्व्हरकर
झालं!! रंग घासायलाच दीड तास गेला. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी नेऊन मोजलं, १ वर १.८, २० वर १.४, ४० वर १.६. स्क्रू दोन आटे बाहेर काढल्यावर १ आणि ४० दोन्हीकडे १.६ आलं. अवनीताई, काका, मनापासून आभार, मी उद्या मीटर परत करायलाच निघालो होतो. आता स्क्रूचं चेकनट घट्ट केल्यावर परत मोजायचं का?

अवनी७३
हो, मोजाच. नट आवळताना स्क्रू फिरतो.

ट्रकवाला_दादा
केबल किती फूट होती ते सांगितलंच नाहीस.

डेन्व्हरकर
९ फूट, दादा.