ऑटिस्टिक मुलाची पोलिसांशी गाठ पडली तर? तयारी कशी करून घ्यावी?

अनघाची_आई:
मुलगा पंधरा वर्षांचा, ऑटिस्टिक. घरात बोलतो, पण अनोळखी माणूस समोर आला की शब्द अडतात. घाबरला की बोटं डोळ्यांसमोर हलवतो आणि समोरच्याचंच वाक्य परत म्हणतो. आता तो एकटा बाहेर जायला लागलाय आणि मला ते थांबवायचं नाहीये. पण अंगाने बाप्याएवढा झालाय. पूर्वी त्याच्या हालचालींकडे लोक कौतुकाने बघायचे, आता बाजूला सरकतात. उद्या पोलिसाने "इथे काय करतोस?" विचारलं आणि हाही "इथे काय करतोस?" म्हणाला, तर तो उद्धटपणा वाटेल. "पोलीस आपले मित्र" एवढं शिकवून भागणार नाही हे कळतंय. भीतीही घालायची नाही. सुरुवात कुठून करू?

रेवा_विशेषशिक्षिका:
ताई, सुरुवात हातांपासून करा. बोलणं नंतर.

2016 साली फ्लोरिडातल्या नॉर्थ मायामीत एक ऑटिस्टिक तरुण रस्त्यात बसला होता, हातात खेळण्यातला ट्रक. कुणीतरी बंदूक असल्याचं कळवलं होतं. शेजारी त्याला सांभाळणारा माणूस हात वर करून झोपला होता, ते खेळणं आहे असं ओरडून सांगत होता. तरी पोलिसाची गोळी सुटली आणि त्या सांभाळणाऱ्याच्याच पायाला लागली. हे वाचल्यापासून मी प्रत्येक मुलाकडून आधी एकच गोष्ट घोटून घेते: थांबायचं, पळायचं नाही, तळवे उघडे आणि दिसतील असे ठेवायचे.

खिशात ओळखपत्र देऊन ठेवतात, तिथेही हीच अडचण. घाबरलेला मुलगा न बोलता खिशात हात घालतो. म्हणून "मी ऑटिस्टिक आहे. खिशात कार्ड आहे. काढू का?" ही वाक्यं याच क्रमाने हवीत आणि "काढ" ऐकल्याशिवाय हात हलता कामा नये. शब्द अडत असतील तर कार्ड वरच दिसू दे. न दिसणारं अपंगत्व कळावं म्हणून गळ्यात घालतात ती सूर्यफुलांची हिरवी फीत बऱ्याच विमानतळांवर ओळखतात, पण प्रत्येक पोलिसाला ती माहीत असेल असं धरू नका. कार्डावर ठळक लिहा: ऑटिस्टिक आहे, उत्तराला वेळ लागतो, हात लावू नका, या नंबरवर फोन करा.

बोटं हलवणं मात्र बंद करायला लावू नका. त्यानेच तो सावरतो. हात खिशापासून आणि कमरेपासून लांब असले की झालं.

सराव नुसता घरात बसून केलेला रस्त्यावर उपयोगी पडत नाही. आधी तुम्ही पोलीस व्हा, मग त्याला न ओळखणारं कुणीतरी, मग वेगळी जागा, मग अंधार आणि टॉर्च. सायरनचा आवाज अगदी हळू लावा, बंद करायचं बटण त्याच्या हातात द्या. जमल्यास चौकीत निवांत वेळी जाऊन खऱ्या गणवेशातल्या माणसाशी भेट घालून द्या. त्यांनाही तुमचा मुलगा आधी दिसलेला बरा.

उशिरा_उत्तर:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. प्रश्न डोक्यात उतरेपर्यंत दुसरा येतो आणि पहिला पुसला जातो. मग सुटका व्हावी म्हणून तोंडातून "हो" निघतं. "तूच केलंस ना?" यालाही "हो". सगळं ऐकायचं एवढंच शिकवलेलं मूल न केलेलं कबूल करून बसेल. त्यामुळे "मला कळलं नाही" आणि "आई आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही" ही वाक्यंही हवीत. कृपया ही गाळू नका.

दोन_मुलांचा_बाबा:
कधी आपणच मदतीला पोलीस बोलावतो, त्याचीही तयारी ठेवा. 2020 मध्ये सॉल्ट लेक सिटीत एका आईने तेरा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला आवरायला मदत मागितली आणि पोलिसांनी त्याच्यावरच गोळ्या झाडल्या. तो वाचला. आम्ही फोनजवळ मजकूर लिहून ठेवलाय: मुलगा ऑटिस्टिक, शस्त्र नाही, सायरन बंद ठेवा, आधी माझ्याशी बोला. तशा वेळी आपल्यालाही सुचत नाही.

अनघाची_आई:
सगळ्यांचे आभार. "हो" म्हणून सुटका करून घेणं अगदी त्याचंच आहे, तो सराव हातांबरोबरच सुरू करते. एक शंका: गळ्यात काहीही घातलेलं त्याला सहन होत नाही.

रेवा_विशेषशिक्षिका:
मग सॅकच्या पट्ट्याला, छातीवर समोरून दिसेल असं क्लिपने लावा. रोजच्या सॅकलाच लावा. नवी घेतली तर घरी ठेवून जाईल.