मदत हवी आहे: डाईंग मशीनच्या झाकणाचं रबर गॅस्केट बनवून घ्यायचंय, कारखाना कसा निवडू?

रंगारी_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे, टॉवेलवाल्यांचं जॉबवर्क करतो. मशीन जुनं, बनवणारी कंपनी आता स्पेअर देत नाही. बाजारातली रबरी दोरी कापून, टोकं चिकटवून बसवली की काही बॅचेस निघतात, मग सांध्यातून वाफ सुरू.

काम असं: कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ११० अंशापर्यंत ब्लीचिंग, रिॲक्टिव्ह रंगाला ६० ते ८०, आणि मधूनच पॉलिस्टर आलं तर १३० अंश, प्रेशरखाली. रिंगचा व्यास साधारण ९०० मिमी, छेद ओठासारखा. वर्षाला दहा-पंधरा नग पुरेत.

भोसरीतला एक जण म्हणतो, ईपीडीएममध्ये (एक कृत्रिम रबर) अख्खी रिंग साच्यात काढू. साच्याचा आकडा ऐकून आमचे वडील फोनवरून उठूनच गेले. शिरोलीचा म्हणतो, एक्स्ट्रूजन करून, म्हणजे डायच्या (आकाराचं भोक असलेला ठोकळा) भोकातून रबराची लांब पट्टी काढून, टोकं जोडून देतो. डाय स्वस्त, पण माल कमीत कमी इतके मीटर घ्यावाच लागेल. इथल्या लोकल माणसानं जुना तुकडा बोटानं दाबून बघितला, "नायट्राइल आहे मालक, परवा घेऊन जा" म्हणाला. रेट सगळ्यात कमी. शेजारचे म्हणतात सिलिकॉन घाला, कायमची कटकट मिटेल.

कुणावर विश्वास ठेवू?

प्रेसवाला

मी मोल्डिंगमध्येच आहे. माणूस निवडायच्या आधी रबर निवडा. नायट्राइल तेलाला चांगलं, पण १३० अंशाच्या पाण्या-वाफेत ते कडक होऊन तडकणार. सिलिकॉन कोरड्या उष्णतेत २०० अंशापर्यंत टिकतं, म्हणून सगळे सुचवतात. प्रेशरच्या वाफेत मात्र ते हळूहळू खचतं, आणि फाटायलाही हलकं. कॉस्टिक, पेरॉक्साइड, वाफ असं सगळं असेल तर ईपीडीएमच, तेही पेरॉक्साइड क्युअर, म्हणजे कच्चं रबर पेरॉक्साइड घालून, गरम करून पिकवलेलं. गंधकावर पिकवलेलं ईपीडीएम स्वस्त पडतं, पण गरम झाल्यावर दाबून बसतं आणि परत फुगत नाही.

एक सांगा, झाकणाला ग्रीस लावता का?

रंगारी_सोलापूर

ऑपरेटर लावतो की. साधं पिवळं ग्रीस, झाकण चिकटू नये म्हणून.

प्रेसवाला

मग आधी ते बंद करा. खनिज तेलाच्या ग्रीसनं ईपीडीएम फुगून मऊ पडतं. भारीतलं गॅस्केट घेतलंत तरी तुमचा ऑपरेटरच ते खाऊन टाकेल, आणि शिव्या कारखान्याला बसतील. सिलिकॉन ग्रीस वापरा, तेही पुसटसं.

आता तुमचा प्रश्न. ज्यानं तापमान, केमिकल, प्रेशर, यातलं एकही न विचारता रेट सांगितला, तो बाद. नुसत्या दाबण्यानं रबर ओळखता येत नाही. काळं नायट्राइल आणि काळं ईपीडीएम बोटाला सारखंच लागतं.

सूतगिरणी_रोड

प्रेसवालेंशी सहमत, पण लोकल माणसाला एकदम कटवू नका. रात्री दोनला गॅस्केट गेलं तर शिरोलीवाला येणार नाही.

प्रेसवाला

त्यासाठी दोन नग जास्तीचे ठेवायचे, अण्णा. अंधारात, गोल पसरून. खिळ्याला टांगून नाही. १३० अंशाच्या भांड्यावर अंदाजाचं रबर नको. तिथं गळती म्हणजे बॅच वाया जाणं एवढंच नसतं, माणूस भाजतो.

डायवाली_ताई

नग इतके कमी असतील तर मीही एक्स्ट्रूजनच घेईन, ९०० मिमीच्या साच्याचे पैसे वसूल व्हायचे नाहीत. सांधा मात्र तिरका कापून, मध्ये त्याच कंपाउंडचं कच्चं रबर घालून, गरम प्रेसमध्ये पिकवलेला हवा. गोंदानं चिकटवलेला नको, तुमचा त्रास तिथंच आहे. ऑर्डर द्यायच्या आधी एक सांधलेला तुकडा मागवा आणि सांध्यापाशी जोर लावून ओढा.

पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) चार ओळी घाला: ईपीडीएम पेरॉक्साइड क्युअर, कडकपणा ७० शोअर ए अधिक-उणे ५, प्रत्येक बॅचचा टेस्ट रिपोर्ट (रबर तपासायचं भारतीय मानक आयएस ३४०० प्रमाणे), आणि डाय आमच्या मालकीची. शेवटची ओळ लोक विसरतात, मग पुढच्या वर्षी रेट वाढला की डाय अडकून पडते. रिपोर्टमध्ये कॉम्प्रेशन सेट, म्हणजे दाब काढल्यावरही रबर किती दबलेलंच राहतं, ते बघा. ताणाच्या आकड्यापेक्षा गॅस्केटला तोच महत्त्वाचा.

आणि झाकणाची खाच एकदा घासून बघा. तिथं गंजून खड्डे पडले असतील तर कुठलंच रबर टिकणार नाही.

रंगारी_सोलापूर

खाच आत्ताच बघून आलो. बिजागरीच्या बाजूला खरवड लागतीय, टर्नरला बोलावलंय. शिरोलीवाल्याला फोन केला तर त्यानं स्वतःहून विचारलं, "पॉलिस्टर किती वेळा करता? कॉस्टिक किती ग्रॅमचं?" सांधलेला तुकडा एसटी पार्सलनं पाठवतोय. लोकलवाल्याला तापमान सांगितलं तर म्हणाला, "मालक, रबर ते रबर."

पिवळ्या ग्रीसचा डबा ऑपरेटरच्या हातातून काढून घेतलाय, तो रुसलाय. तुकडा आला की इथंच कळवतो. ताई, तुमच्याकडच्या पीओचा नमुना टाकता का?

डायवाली_ताई

रेट झाकून टाकते संध्याकाळी.