मदत हवी आहे: ज्या ठरावावर चर्चाच झाली नाही, त्याला माझं नाव अनुमोदक म्हणून लागलंय

नमस्कार. मी अकरा सदस्यांच्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. वॉर्ड क्रमांक २, सर्वसाधारण स्त्री राखीव जागा. गाव मराठवाड्यातलं, नाव लिहीत नाही. निवडून यायच्या आधी सहा वर्षं बचत गटाची सचिव होते, त्यामुळे वही वाचायची सवय आहे. ती नसती तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

मागच्या महिन्यात मासिक सभेला जरा लवकर पोहोचले. प्रोसिडिंग बुक टेबलावरच होतं, म्हणून चाळलं. आमच्याकडे सभा सुरू होताना हजेरीच्या सह्या घेतात आणि ठराव नंतर कधीतरी सावकाश लिहिले जातात. आधीच्या सभेचे पहिले सहा ठराव निळ्या शाईत होते. सातवा काळ्या शाईत, अक्षर दाटीवाटीचं: वॉर्ड क्र. २ मध्ये पथदिवे बसविण्याच्या खर्चास मंजुरी, सर्वानुमते मंजूर. आणि खाली अनुमोदक म्हणून माझं नाव.

हा विषय त्या सभेत निघालाच नव्हता. मी पूर्ण वेळ हजर होते. वॉर्ड माझाच आहे, रोज अंधारात त्याच गल्लीतून दळण घेऊन येते. पाच खांबांपैकी दोनच दिवे लागतात आणि तेही आधीपासूनचे आहेत. घरी येऊन पुतण्याला मोबाईलवर ई-ग्रामस्वराज (पंचायतींचा जमाखर्च दाखवणारं सरकारी पोर्टल) उघडायला लावलं, तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून याच कामाचा खर्च पडलेला दिसला.

आता खरी अडचण सांगते. सरपंचताई थेट जनतेतून निवडून आल्यात. त्या माझ्याच बचत गटातल्या, आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. कारभार त्यांचे यजमान बघतात, सभेत खुर्चीवरही तेच बसतात. ताईंच्या डिजिटल सहीची डोंगल (पेनड्राइव्हसारखी असते, ती लावूनच ऑनलाइन सही होते) पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असते. मी त्यांना ठरावाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "कुठला गं ठराव?" त्या खोटं बोलत नव्हत्या, चेहऱ्यावरून कळतं. एका सदस्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, गावात राहायचंय ना आपल्याला?"

हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती धरतात का? माझा विरोध कागदावर राहील असा कसा नोंदवायचा? आणि सरपंचताईंना खड्ड्यात न ढकलता हे करता येईल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (निवृत्त ग्रामसेवक)

ताई, हजेरीची सही म्हणजे तुम्ही सभेला होता एवढंच. पण विरोध कुठेच नोंदला नाही, तर उद्या "सर्वानुमते" हाच शब्द पुढे केला जाईल, म्हणून गप्प राहू नका.

मासिक सभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. बहुतेक ठिकाणी तो न वाचताच कायम होतो. तुमची जागा तीच आहे. उभ्या राहा, वाचून दाखवा म्हणा, आणि सातव्या ठरावाला आल्यावर सांगा की हा विषय चर्चेला नव्हता, मी अनुमोदन दिलेलं नाही, माझा विरोध नोंदवा. हेच पत्रात लिहून त्याच दिवशी आवकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं काय आणि न दिलं काय. सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी विषयांसह मिळायला हवी. त्या नोटिसा जपून ठेवा. विषयपत्रिकेत पथदिवे नव्हते, याचा तुमच्या हातातला पुरावा तोच.

कामाचे कागद मात्र माहिती अधिकारात मागा. सदस्य म्हणून नाही, नागरिक म्हणून. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं अभियंता जिच्यात लिहितो ती) पानं, देयक, साहित्याची पावती आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मी नोकरीत असताना कोरी जागा सोडलेली पानं पाहिली आहेत आणि तेव्हा बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं. शेवटच्या ठरावाखाली रेघ मारून सरपंच आणि सचिवांची सही तिथल्या तिथे झाली पाहिजे, हा आग्रह प्रत्येक सभेत धरा.

प्रतिसाद (माजी सरपंच)

ताई, तुमचा तिसरा प्रश्न वाचून लिहायला बसले. मी पाच वर्षं सरपंच होते आणि पहिलं दीड वर्ष माझीही डोंगल दुसऱ्याच्याच हातात होती.

अर्ज करण्याआधी सरपंचताईंच्या घरी जा, यजमान शेतावर असतील तेव्हा. त्यांना एवढंच सांगा की पैसे त्यांच्या सहीने गेलेत. लेखापरीक्षणात वसुली निघाली तर नोटीस त्यांच्या नावाने येईल, यजमानांच्या नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली, म्हणजे पदावरून काढण्यासाठीची, चौकशी लागली तर तीही त्यांचीच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, लेखापरीक्षणातल्या शंका वाचताना कळलं. अध्यक्षस्थान कायद्याने सरपंचाचं आहे, सरपंच नसेल तर उपसरपंचाचं. सदस्य नसलेल्या कुणाचंच नाही.

कुणी अविश्वास ठरावाचं सुचवेल, त्या वाटेला जाऊ नका. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही, आणि नंतरही तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं. तुम्हाला त्यांना काढायचंच नाहीये. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, दिव्यांचा विषय तिथे घ्या. अंधारातून बायाच जातात, त्या बोलतील.

धागा लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सरपंचताईंकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही फोडायला लागले. वसुलीचं सांगितल्यावर हात थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला वाटायचं सही म्हणजे नुसतं बटण." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी डोंगल मागून घेतली. ऑपरेटरने दोनदा "साहेबांना विचारतो" म्हटलं, पण दिली.

परवाच्या सभेत मी इतिवृत्त वाचायला लावलं. सातव्या ठरावाला माझा विरोध नोंदला गेला, पत्राची पोच मिळाली. यजमान खुर्चीवरच होते, ते काही बदललं नाही. घरी सरपंचताईंना बरंच ऐकावं लागलं, असं कानावर आलंय आणि त्याची मला रोज काळजी वाटते. त्यांच्याकडे जाणं मी थांबवलेलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज काल दिला. आता एक विचारायचंय. मोजमाप पुस्तिकेची पानं हातात आली, तर पथदिव्यांच्या कामाच्या नोंदी वाचायच्या कशा? खांबांची संख्या, दिव्यांची वॅट आणि तारेची लांबी त्यात वेगवेगळी लिहिलेली असते का? म्हणजे पानं घेऊन आम्ही दोघी-तिघी गल्लीत जाऊन खांबनिहाय पडताळून बघू. कुणी शाखा अभियंत्याच्या हाताखाली काम केलेलं असेल तर जरा समजावून सांगा.