काळ्या रानात कुंपणाचे खांब किती खोल गाडावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमचं तीन एकर रान आहे, भारी काळी माती. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं तूर-हरभरा हाती लागू देत नाहीत, म्हणून पुन्हा काटेरी तारेचं कुंपण करतोय. सिमेंटचे 7 फुटी खांब आणलेत.

मागच्या खेपेला दीड फुटाचेच खड्डे घेतले होते. पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, दोन वर्षांत निम्मे खांब कलले. कोपऱ्यातले तर तारेच्या ताणानं आत ओढले गेले. फार वाईट वाटलं.

आता 2 फूट खोल, 1 फूट रुंद खड्डा घेईन म्हणतो. पण मग वर पाचच फूट उरतात, रोह्याला ते पुरतील का? काँक्रीट सगळ्या खांबांना परवडत नाही. कोपरे आणि फाटक सोडून बाकी ठिकाणी मुरूम टाकून पहारीनं ठोकला तर चालेल? गवंडी म्हणतो, खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता नको, फुगणारी माती काँक्रीटसकट खांब उचलते. हे पटतं.

काळ्या रानात ज्यांचं कुंपण चार-पाच पावसाळे टिकलंय, त्यांनी आपली मापं सांगा. पेरणीआधी काम उरकायचंय.