एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिणं हा रिकामा उद्योग आहे का?

जामनेरकर
"कोड स्वच्छ असला की एजंटला टूल आपोआप कळतं, वर्णनं लिहीत बसणं हा रिकामा उद्योग" असं चोपडेकर दादांनी कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. अजिबात पटलं नाही. एजंट म्हणजे टूल्स, म्हणजे सॉफ्टवेअरमधली फंक्शन्स, बोलावून काम करणारा एआय प्रोग्राम. एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) सर्व्हर असो की साधं फंक्शन कॉलिंग, एजंटमागच्या मॉडेलच्या हातात टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कुठल्या प्रकारात द्यायची ते) पडतो. आतला कोड त्याला दिसतच नाही! आमच्या केळीच्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने दिलेलं वर्णन होतं 'वजन नोंदवते'. पॅरामीटर 'वजन', प्रकार नंबर. मुनीमजींनी सांगितलं, "रावेरहून १२० क्विंटल भरले." एजंटने १२० टाकले, सिस्टीमने किलो धरले. अख्ख्या ट्रकचं भाडं सव्वा क्विंटलचंही निघालं नाही. पॅरामीटरखाली 'किलोमध्ये द्या, १ क्विंटल = १०० किलो' एवढं लिहिल्यावर गाडी रुळावर आली.

चोपडेकर
नाव 'वजन_किलो' ठेवलं असतं तर ती ओळ लागली असती का? मी तेच म्हणतोय. नावं नीट द्या, जिथे ठरावीकच पर्याय आहेत तिथे एनम, म्हणजे पर्यायांची यादी, द्या. जोडलेल्या टूल्सची वर्णनं बहुतेक ठिकाणी दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलपुढच्या मजकुरात) जातात, टोकन (मजकूर मोजायचे तुकडे) खातात, आणि सारखी दिसणारी टूल्स वाढली की मॉडेल भलतंच उचलतं. शिवाय कोड बदलला की वर्णन कोण बदलतं? कोणीच नाही. चुकीच्या वर्णनापेक्षा वर्णन नसलेलं बरं.

रावेरची लेक
किलोचं ठीक. 'भाव' या फील्डला काय नाव देणार? बाजार समितीच्या बोर्डावर जाहीर होतो तो भाव, की बागेत व्यापारी देतो तो? आमच्याकडे हे दोन कधी जुळत नाहीत. त्यात बऱ्हाणपूरचा तिसराच. बाबांनी मोबाईलवर 'आजचा भाव काय' विचारलं, एजंटने बोर्डाचा सांगितला, त्या भरवशावर त्यांनी कापणीला होकार दिला. पट्टी (विक्रीचा हिशोब) हातात आली तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही.

सावदेकर
व्यापाऱ्याला झोडपणं सोपं आहे, ताई. बोर्डाचा भाव एक नंबरच्या मालाचा. घड बारीक, सालीवर डाग, वर गाडी दिल्लीला पोचेपर्यंत होणारी नासाडी, हे कोण सोसतं?

रावेरची लेक
आमचा माल बघितलाय का तुम्ही? एक नंबरच्या मालालाही बोर्डाचा भाव मिळत नाही, हे रावेर-यावलमध्ये कोणालाही विचारा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, शेतकऱ्याच्या हातात काय पडलं?

सावदेकर
जीआयचा इथे काय संबंध? तुम्ही बांधावर बसून बोलता. माल विकून दाखवा, मग भावावर बोला.

धुळेकर
दोघे जरा थांबा. ताई, तुमनं खरं शे, पण धागा टूलचा आहे. मला सगळ्यात जास्त त्रास एररचा होतो. तारीख चुकली की सर्व्हर नुसता '४००' (विनंती चुकीची) फेकतो आणि एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसतो. तिथे 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, उदा. २०२५-०६-०५' लिहिलं की पुढचा कॉल बहुतेक वेळा बरोबर येतो. नाहीतर ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, त्याने काय ओळखायचं? एररचा मजकूर हेसुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

चोपडेकर
एररचं मान्य. पण पावती रद्द करणाऱ्या टूलला 'जपून वापरा' असं लिहून काय होणार? मार्च २०२५ च्या एमसीपी स्पेसिफिकेशनमध्ये 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल काही कायमचं पुसू शकतं अशी खूण) आलाय, तो लावा.

जामनेरकर
तो हिंटच आहे. सर्व्हर भरवशाचा नसेल तर त्यावर विसंबू नका, असं त्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय. रद्द करण्याआधी माणसाची मंजुरी सॉफ्टवेअरनेच मागायला हवी. आणि वर्णनात 'जपून' नको, 'रद्द केलेली पावती परत आणता येत नाही, फक्त दुरुस्ती हवी असेल तर हे टूल वापरू नका' असं हवं. टूल कधी वापरायचं नाही, हे कुठल्या नावात बसवणार?

चोपडेकर
बरं. एकक, भाव कोणता, आणि कधी वापरायचं नाही, एवढ्या ओळी मान्य. त्याही कोडच्याच फाइलमध्ये, आणि टूलची वागणूक बदलून वर्णन तसंच ठेवलं तर मर्ज (बदल मूळ कोडमध्ये मिसळणं) अडवायचं. निबंध मी लिहिणार नाही.

रावेरची लेक
निबंध मागितलाय कोणी? 'बाजार समितीने जाहीर केलेला, एक नंबरच्या मालाचा, रुपये प्रति क्विंटल. बागेतला प्रत्यक्ष खरेदीचा भाव नाही.' सावदेकर, यात काही खोटं असेल तर सांगा.

सावदेकर
खोटं नाही. तारीखही टाका, कालचा भाव आजचा म्हणून सांगतात.