पिल्लू घरात आलं की... तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल रात्री बहिणीचा फोन आला आणि मागून सारखं कुईंकुईं. भाचीने दोन महिन्यांचं देशी पिल्लू आणलंय. तो आवाज ऐकला आणि आमचा मोती डोळ्यांसमोर आला. मिरजेचं घर, पावसाळा, असाच रात्रभर रडायचा. सगळे म्हणायचे रडू दे, सवय होईल. आजोबांनी ऐकलं नाही. कालपर्यंत आईच्या कुशीत होता, भावंडं होती, आज एकटा पडलाय, म्हणायचे. आपल्या खाटेशेजारी पोतं अंथरलं आणि हात खाली सोडून झोपायचे. आठवडाभरात रडणं थांबलं.

त्यांचं शिकवणंही तसंच. भाकरीचा तुकडा मुठीत घ्यायचा, मूठ नाकासमोरून हळूच डोक्याच्या मागे न्यायची. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकलं की त्याच क्षणी तुकडा आणि शाबासकी. काठी कधी हातात घेतली नाही. मोठेपणी पंगत बसली तरी मोती उंबऱ्याबाहेर बसून राहायचा. कुत्र्याला धाक लागतो हे मला आजही पटत नाही, त्याला आपला भरवसा लागतो.

बहिणीला हा धागा पाठवणार आहे. तुमच्याकडे कशाचा उपयोग झाला ते लिहा. शी-शूचं तर नक्की लिहा, ती रडकुंडीला आलीये.

कृष्णाकाठ
शी-शूची वेळ ठरलेली असते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर. या तिन्ही वेळी उचलून ठरलेल्या जागीच न्यायचं. तिथे झालं की तिथेच खाऊ, घरात येऊन नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर धरू शकत नाही, म्हणून रात्री एकदा उठावंच लागतं. घरात झालं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर अजिबात नाही. त्याने ते फक्त लपून करायला शिकतं.

स्वरा_ठाणे
+१. आणि फिनेलने फरशी पुसून भागत नाही, आपल्याला वास येत नाही पण त्याला येतो आणि परत तिथेच करतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, तो वास त्यांना शू सारखाच वाटतो. कुकर झाला, नंतर लिहिते.

डॉक्टरीणबाई
प्राण्यांची डॉक्टर आहे म्हणून आधी लसीचं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू होते, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची ३ महिन्यांनंतर, पुढे बूस्टर. जंताचं औषध विसरू नका. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका! साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं, ऐकू येतं, त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. कडेवर घेऊन रिक्षा दाखवा, भाजीवाला दाखवा, छत्री उघडून दाखवा, मिक्सर ऐकवा. हे दिवस गेले की परत येत नाहीत. मोठेपणी चावणारी कितीतरी कुत्री मुळात घाबरलेली असतात, रोज बघते मी.

मुक्काम_पोस्ट_श्टुटगार्ट
इथे जर्मनीत ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायला कायद्यानेच बंदी आहे. खेळताना किती जोरात चावायचं हे ते भावंडांकडूनच शिकतं. शिवाय कुत्रा पाळायचा तर नगरपालिकेला दरवर्षी कर! पण ट्रेनमध्ये, हॉटेलात टेबलाखाली कुत्री शांत पडून असतात. आमच्या ट्रेनरने सगळ्यात आधी काय शिकवलं तर काहीही न करता चटईवर पडून राहणं. पडून राहिलं की मधूनमधून खाऊ.

स्वरा_ठाणे
कर?? आमच्या सोसायटीला नका सांगू, लगेच ठराव करतील 😄 लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणून आधीच नोटीस लागलीये.

कृष्णाकाठ
@स्वरा, सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना आहेत, नेटवर मिळतील. प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या.

शेळीपालक_जत
आमच्याकडं मेंढरांमागचं कुत्रं कुणी क्लासला घालत नाही. पिल्लू लहानपणीच कळपात सोडायचं. कोकरांबरोबर झोपतं, वाढतं, ती त्याला आपलीच वाटतात. मोठ्या कुत्र्याच्या मागं फिरून निम्मं शिकतं. भाकरी-ताक मात्र ठरल्या वेळी आणि एकाच माणसाच्या हातनं. कारवानी (शिकारी जातीचं) असेल तर पळायला रान पाहिजे राव, फ्लॅटात कोंडून मग उच्छाद मांडतंय म्हणू नये.

निशिगंध७
आमचं साडेचार महिन्यांचं आहे, पायांचे लचके तोडतंय, सोफ्याचा कोपरा खाल्ला, पडदा खाल्ला. मारकं निघालंय का? सासूबाई परत देऊन टाक म्हणतात. खूप जीव लागलाय हो.

डॉक्टरीणबाई
@निशिगंध, मारकं नाही, दात येताहेत! दुधाचे २८ पडून कायमचे ४२ येतात, चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हे चालतं. हिरड्या शिवशिवतात. ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये ठेवून चघळायला द्या, समोर बसून. पायाला धरलं की खेळ तिथेच थांबवायचा, पाठ फिरवायची. हात झटकलात की त्याला खेळ वाटतो. आणि झोप बघा, या वयात दिवसाचे १८ तास लागतात. न झोपलेलं पिल्लू जास्त चावतं. ओरखडा निघाला, रक्त आलं तर साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरला दाखवा, घरचं आहे म्हणून सोडू नका.

निशिगंध७
थँक्यू डॉक्टर 🙏 सासूबाईंना वाचून दाखवलं. फडकं फ्रीझरमध्ये गेलं.

आजरेकर
आमच्यात बाबा सोफ्यावर घेऊन बसायचे आणि आई हाकलायची. त्या मुक्या जिवाने काय समजायचं? शेवटी घरात बैठक बसली, सोफा बंद म्हणजे सगळ्यांनाच बंद. महिन्यात शहाणा झाला. कुत्र्याच्या आधी घरातली माणसं एका मताची व्हायला लागतात.

सांजवात
आमचा शेरू मार्चमध्ये गेला. चौदा वर्षं. धागा उघडला आणि वाचवेना, तरी वाचला सगळा. फटाक्यांना मात्र तो कधीच घाबरला नाही. लहान असताना माझा मुलगा मोबाईलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावायचा, सोबत जेवण. दिवाळीपर्यंत हळूहळू आवाज वाढवत नेला. बहिणीला हे सांगा, आत्तापासून करता येईल.

रानजाई
@सांजवात, 🫂 शेरूचा फोटो असेल तर टाका ना.

स्वरा_ठाणे
सांजवात 😔
खाऊचं राहिलंच. आमचं शाकाहारी घर, पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर. मोठा तुकडा दिला की पोट भरतं आणि शिकणं बंद. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही म्हणजे नाही.

शेळीपालक_जत
मनुका पण नाही? आमच्या भागात तर शेडच्या शेड भरलेली असतात. बरं झालं सांगितलं, पोरांना ताकीद देतो.

डॉक्टरीणबाई
हो दादा, द्राक्ष-मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना.