पाथरवटाला फौजदारी, मुनिमाला मात्र नाही: असं का?

बाडकरी: पणजोबा मुंबईत बांधकामाचे ठेकेदार होते. त्यांच्या मोडीतल्या बाडाचं लिप्यंतर करतोय, त्यातले दोन कागद १९१३ चे आहेत. पहिला एका पाथरवटाचा: ३० रुपये उचल मिळाली, पायाचा दगड घडवून देईन, न दिल्यास सरकारात फौजदारी होईल ती कबूल. खाली पंचम जॉर्जचं लाल एक आण्याचं तिकीट आणि त्यावर अर्धा आलेला आंगठा. दुसरा मुनिमाचा, आठ आण्यांच्या स्टॅम्पपेपरवर: दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडल्यास नुकसान भरून देईन. त्यात फौजदारीचा शब्दसुद्धा नाही. पाथरवटाला नुसता दम दिला होता की खरंच तुरुंग होता?

चाफा: अडाण्याला घाबरवायला लिहीत असतील. पैसे बुडवले तर दिवाणी दावा, तुरुंग कशाला?

जुना वकील: चाफा, दम नव्हता हो. लेबर कोर्टात माझी हयात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. १८५९ चा तेरावा कायदा बघा. कारागीर, कामकरी किंवा मजुरानं उचल घेऊन जाणूनबुजून काम टाळलं, की मालकानं थेट मॅजिस्ट्रेटकडे जायचं. पैसे परत हवेत की काम करून हवं, हे ठरवणारा मालकच. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि करार तोंडी असला तरी चालायचा! म्हणजे आंगठा उठला नसता तरी पाथरवट सुटला नसता.

तुमचा मुनीम त्या तीन वर्गांत बसत नव्हता. त्याच्यावर १८७२ च्या करार कायद्याखाली नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचा, तोही नुकसान सिद्ध करून. शिवाय १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याप्रमाणे दिवाणी कोर्ट कुणाला 'चल, नोकरीवर बस' असा हुकूम देत नसे. माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार सक्तीनं पाळायला लावता येत नाही, हे तत्त्व. तत्त्व छान आहे, फक्त ते छिन्नी-हातोडीवाल्यापर्यंत पोचलं नव्हतं.

तिकिटाचं म्हणाल तर वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा आणि साध्या करारनाम्याला आठ आणे, हा १८९९ च्या स्टॅम्प कायद्याचा दर. पणजोबा हिशेबाला चोख दिसतात.

गिरणगावचा: गिरण्यांत तर कागदच नसायचा. भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या हातात, आणि पगार महिना संपल्यावरही बरेच दिवस अंगावर ठेवायचे. नोटीस न देता सोडलं की भरलेल्या दिवसांवर पाणी. मग फौजदारी हवी कशाला? काही गिरण्यांत एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापत. १९३६ च्या वेतन कायद्यानं पगाराची तारीख बांधली (हजारांहून कमी कामगार असतील तर सातवी, नाहीतर दहावी) आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर रोखला. उलट गिरणीचा कारभार चालवणाऱ्या एजंटांचे करार पाहा: सुरुवातीच्या काळात मालाच्या दर पौंड वजनामागे पाव आणा कमिशन, तेही उत्पादनावर. गिरणी तोट्यात असली तरी एजंटाचं चालूच.

बाडकरी: पाथरवटाच्या चिठ्ठीमागे वेगळ्या शाईत 'वसूल १९, बाकी ११' असं आहे. एवढ्याशा बाकीवरही मॅजिस्ट्रेटकडे जाता आलं असतं?

जुना वकील: आलं असतं. उचलीपैकी जेवढी रक्कम रास्त वाटेल तेवढी परत करायला मॅजिस्ट्रेट सांगू शकत असे. तो कायदा रद्द करायचं विधेयक मंजूर झालं १९२५ मध्ये, म्हणजे तुमच्या चिठ्ठीनंतर बारा वर्षांनी. बाडात समन्स किंवा तक्रारीची नक्कल आहे का बघा. नसेल तर ११ रुपये बहुधा दगडातच फिटले.

बाडकरी: समन्स नाही. पण १९१४ च्या हजेरीपटात त्याच नावापुढे चार महिने खुणा आहेत, आणि मजुरीचा रकाना कोरा.